त्रिबिंदुमीमांसा

इतिहासग्रंथांच्या मलपृष्ठावरील अभिप्रायांचा पद्धतशीर अभ्यास इतिहासकारांकडून व्हायला हवा होता. पण बरेचसे इतिहासकार ते अभिप्राय लिहिण्यात गुंतलेले असल्यामुळे हे काम आमच्याकडे आले.

'कादंबरीसारखे वाचनीय' हा अभिप्राय सर्वांत घातक. तो वाचून आलेला वाचक नायिकेची वाट पाहत बसतो आणि पुढ्यात येतो जमीनमहसुलाचा तक्ता. 'सखोल संशोधन' म्हणजे तळटीपा फार, हे जाणकार ओळखतात आणि पुस्तक भेट देण्यासाठी घेतात.

तथापि या शास्त्राचा गाभा विशेषणांत नाही, अभिप्रायाच्या पोटातल्या तीन टिंबांत आहे. उदाहरणार्थ, 1776 साली गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला. स्वतः इंग्लंडचा इतिहास लिहिलेल्या डेव्हिड ह्यूमने आजारपणातही त्याला कौतुकाचे पत्र धाडले. त्या पत्राने दहा वर्षांचे श्रम पुरेपूर फिटले, असे गिबनने आठवणींत नमूद केले आहे. मात्र पत्रात आणखीही काही होते. तुमची ओळख नसती तर आजच्या काळात एका इंग्रजाकडून असे पुस्तक आलेले पाहून मला आश्चर्य वाटले असते, असे स्कॉटिश ह्यूम म्हणतो. आजच्या प्रकाशकाने यातले 'आश्चर्य' तेवढे ठेवून इंग्रजाला टिंबांत पुरले असते. ख्रिस्ती धर्मावरील प्रकरणांमुळे गदारोळ उठेल, हे ह्यूमचे भाकीत मात्र मुखपृष्ठावर ठळक टायपात झळकले असते. भाकीत खरेही ठरले. पण त्या आशेने पुस्तक घेणाऱ्याचे हाल पाहा: ती प्रकरणे पंधरावे आणि सोळावे, खंडाच्या अगदी शेवटी. तोवर चौदा प्रकरणे सम्राट मोजायचे.

1781 साली पुढचा खंड हाती आल्यावर राजाचा भाऊ 'आणखी एक जाडजूड पुस्तक!' अशा अर्थाचे काहीसे वैतागून म्हणाला, अशी आख्यायिका आहे. टिंबे नेमकी पडली तर 'जाडजूड!' हाही राजमान्य अभिप्रायच.

जुन्या कागदांत मजकूर फाटलेला असला की संपादक तिथे टिंबे देतात आणि अभ्यासक त्या रिकाम्या जागेवर वर्षानुवर्षे भांडतात. मलपृष्ठावरच्या टिंबांसाठी अजून कोणी बाह्या सरसावलेल्या नाहीत. बखर कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी, असे खोदून विचारणारा वाचकसुद्धा अभिप्राय देणाऱ्याचे स्वतःचे पुस्तक उलटे करून पाहत नाही. तिथे पुष्कळदा याच लेखकाचा अभिप्राय सापडतो.