साडेतीन किलोंचा मोह

रविवारी सकाळीच पुतण्याचा फोन. "काका, गाडी सेल्फ घेत नाहीये. नुसतं टक टक होतंय. बॅटरी बसली. लिथियमच टाकतो आता."

गाडी आजारी पडल्यापासून औषध ठरेपर्यंत चार वाक्यं, आणि तपासणीचं एकही नाही. "मीटर लावलास का?" म्हटलं. तर म्हणे दुकानदाराने बॅटरीकडे बघूनच सांगितलं. नुसतं बघून बॅटरी कळते असं सांगणाऱ्या दुकानातून मी टॉर्चचे सेलही घेत नाही.

दुकानदाराचं म्हणणं असं, की लिथियमने साडेतीन किलो वजन उतरतं. ते खरं आहे. पुतण्याची २०१४ची क्लासिक ३५०, तिची १४ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी साडेचार-पाच किलोंची. लिथियमची सव्वा किलोच्या आत-बाहेर. पण गाडीच मुळात १९० किलोंच्या घरातली, वर हा ८० किलोंचा, मागे सूनबाई आणि दोघांचे डबे. पाच लिटर पेट्रोल पावणेचार किलो भरतं. म्हणजे टाकी अर्ध्यावर आली की तेवढं वजन फुकटात उतरलेलं असतं. शर्यतीच्या ट्रॅकवर साडेतीन किलोंना मोल आहे. सिंहगड रोडच्या सिग्नलवर त्यासाठी शिशाच्या तिपटीहून जास्त पैसे मोजायचे?

मीटर घेऊन गेलो. बॅटरीचा डबा उघडला तेव्हाच आंबट, नाकाला झोंबणारा वास आला. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली. तीन खणांतलं पाणी खालच्या रेघेच्याही खाली. रात्रभर चार्जिंगला लावली, काढून काही तास तशीच ठेवली, मग मोजली. १०.५ व्होल्ट.

हा आकडा बोलतो. शिशाच्या बॅटरीत सहा सेल, भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. धडधाकट बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. एक सेल मेला की उरतात साडेदहा. तेव्हा बॅटरी गेली होती, हे दुकानदाराचं म्हणणं बरोबर निघालं. ती गेली कशाने, हे मात्र त्याने विचारलंच नव्हतं.

माझ्या गाडीची चांगली बॅटरी काढून तात्पुरती जोडली. किक मारून गाडी सुरू केली, हळूहळू रेस दिली. मीटर १४ वर यायला हवा, साडेचौदाच्या आसपास थांबायला हवा. तो १५ ओलांडून १५.६ वर गेला. मी लगेच गाडी बंद केली. रेग्युलेटर खराब होता. जास्तीच्या चार्जिंगने पाणी उकळून उडालं, प्लेटा उघड्या पडल्या, सेल मेला. या गाडीत लिथियम टाकली असती तर? त्या बॅटरीला १४.६ च्या वर अजिबात चालत नाही. आतलं संरक्षक सर्किट एकतर तिला मधेच तोडतं, नाहीतर जास्तीचं व्होल्टेज सोसता सोसता सेल खराब होतात. महागडी वस्तू थोड्याच दिवसांत कचऱ्यात गेली असती, आणि सगळे म्हणाले असते की लिथियम टिकत नाही.

लिथियम वाईट नाही, हे मी ठासून सांगतो. मोटरसायकलीत वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. १९९७ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने या पदार्थाचा शोधनिबंध छापला. त्यावर पहिलं नाव होतं अक्षय पाधी या भारतीय संशोधकाचं. एक सेल ३.२ व्होल्टचा, असे चार जोडले की १२.८. म्हणून ती १२ व्होल्टच्या गाडीत सहज बसते. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तरी ती स्वतःहून फारशी उतरत नाही. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज घेतच नाही. लिथियमला हा रोग नाही. ज्याच्याकडे नवी, चार्जिंग नीट असलेली मोठी गाडी आहे आणि ती महिन्यातून एकदाच बाहेर निघते, त्याने खुशाल घ्यावी.

मला राग येतो तो खोक्यावरच्या आकड्यांचा. कित्येक लिथियम बॅटऱ्यांवर मोठ्या अक्षरात १२ अँपिअर-अवर छापलेलं असतं, शेजारी बारीक अक्षरात 'समतुल्य'. म्हणजे सेल्फ फिरवायची ताकद १२च्या शिशाच्या बॅटरीइतकी. आत साठा असतो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, चारेक अँपिअर-अवर. आता गाडीला अलार्म आणि जीपीएस लावलेला आहे, ते मिळून २० मिलिअँपिअर खातात असं धरा. दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-अवर. आठ दिवस लग्नाला गावी जाऊन आलात की चारचा साठा संपला. संरक्षक सर्किटने बॅटरी तोडलेली, मीटरवर शून्य, आणि साधा चार्जर तिला ओळखायलाही तयार नाही. शिशाची बॅटरी निदान आधी सांगते. हॉर्न घोगरा होतो, सेल्फ जड फिरतो, चार दिवस कुरकुर चालते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि फ्युएल इंजेक्शन सर्रास झालं. पेट्रोलचा पंप बॅटरीवर, आणि कित्येक गाड्यांना किकच नाही. अशी गाडी बॅटरी शून्यावर गेली की धक्का मारूनही सुरू होत नाही. हे ग्राहकाला आधी सांगायला नको का?

"पण मला जूनमध्ये लेहला जायचंय," पुतण्या म्हणाला. मग तर आणखीच विचार कर. सरचू-पांगला पहाटे पारा शून्याखाली जाऊ शकतो. गारठलेली लिथियम बॅटरी सेल्फला जोर देत नाही. आधी मिनिट-दोन मिनिटं हेडलाइट लावून तिला आतून गरम करावं लागतं. आणि शून्याखाली ती चार्ज होऊ लागली तर लिथियम आतल्या ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्यावर धातू होऊन साचतं. ते नुकसान भरून निघत नाही. शिशाची बॅटरीही थंडीत मंदावते, पण वाटेतल्या गॅरेजवाल्याला तिचं काय करायचं ते पाठ असतं.

त्याला पटलं. आधी रेग्युलेटर बदलला. पुन्हा मोजलं: १४.३. मग शिशाची बॅटरी घ्यायला दोघं दुसऱ्या दुकानात गेलो. जुनी बॅटरी जमा केली, किमतीत तेवढी सूट मिळाली. जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका, दुकानातच द्या. २०२२ च्या नियमांनी ती गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. भंगारात गेली की कुठल्यातरी वस्तीच्या कडेला भट्टीत तिचं शिसं वितळवलं जातं, आणि तो धूर तिथल्या पोरांच्या अंगात जातो.

कोरी बॅटरी खोक्यातून निघाली. दुकानदाराने सहाही खणांत ॲसिड भरलं, बुचं लावली आणि पाना उचलला. "दहा मिनिटांत बसवून देतो."

माझी मागची बॅटरी अशीच दहा मिनिटांत बसली होती, आणि वर्षभरात गेली. ॲसिड भरल्यावर अर्धा तास ती मुरली पाहिजे, मग क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, १४ला १.४ अँपिअरने, सावकाश चार्ज झाली पाहिजे. तो पहिला चार्ज अर्धवट राहिला तर पुढे बॅटरी कधीच पुरी भरत नाही. मी पाना त्याच्या हातातून घेतला आणि हे सगळं त्याला सांगितलं.

"साहेब, कुणाला थांबायला वेळ नसतो," तो म्हणाला.

"आम्हाला आहे," पुतण्या म्हणाला. "उद्या किती वाजता येऊ?"