नोटीस लागली, पुढे काय?

पावसाळा तोंडावर आला की सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या दारावर महापालिकेचा कागद चिकटतो. मिळकत धोकादायक आहे, रिकामी करा, दुर्घटना घडली तर जबाबदारी मालकाची आणि राहणाऱ्यांची. कलम 264. खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. पालिकेचं पावसाळापूर्व काम संपलं.

रिकामी करून जायचं कुठे, ते कागदावर नसतं.

जरा आत डोकावा. दिंडी दरवाजा ओलांडला की चौकात लोखंडी टेकू उभे. माडीच्या कडीपाटाला ओल, छपरावर निळी ताडपत्री, ती उडू नये म्हणून वर विटा. जिन्याच्या कठड्यावर भार टाकायचा नाही, हे घरातल्या पोराला चालायला लागल्यापासून शिकवलेलं. संडास सामाईक, नळ सामाईक. भीतीसुद्धा सामाईक.

अशा वाड्यात राहणाऱ्या काकूंना लोक विचारतात, एवढी जोखीम कशाला? मुलगा वाकडला आहे ना, जा की तिकडे! पेठ सोडवत नाही म्हणून अडून बसल्या आहेत, असं म्हणून आपण मोकळे होतो.

चूक. काकूंना कायदा आपल्यापेक्षा चांगला कळतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 31 मार्च 2000 पासून. भाडेकरूकडून जागा परत मागण्याची कारणं त्याच्या कलम 16 मध्ये आहेत. त्यातलं एक कारण असं, की महापालिकेनं इमारत पाडायचा हुकूम दिला आहे आणि त्यासाठी जागा ताबडतोब हवी आहे. म्हणजे जो कागद जीव वाचवण्यासाठी निघाला, तोच घर घालवण्याच्याही कामी येतो. खोली सोडली, कुलूप लागलं, वाडा उतरवला. मग तुम्ही तिथे राहत होतात, एवढ्या चौरस फुटांत राहत होतात, हे सिद्ध कोण करणार? चाळीस वर्षांच्या भाडेपावत्या ट्रंकेत जपून ठेवणारी माणसं वेडी नाहीत.

साधी गोष्ट आहे. पाडण्याचा हुकूम काढण्याआधी पालिकेच्या अभियंत्यानं टेप घेऊन यावं, प्रत्येक भाडेकरूच्या ताब्यातली जागा मोजावी, सही-शिक्क्याचा दाखला हातात द्यावा. मग म्हणावं, आता बाहेर पडा. नोटीस लावायला माणूस येतो, मोजायला का येत नाही? येत असेल तर किती वाड्यांत येऊन गेला, ते तरी सांगा!

आता मुंबईकडे बघा. दक्षिण मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या चाळींसाठी 1969 मध्ये कायदा झाला, दुरुस्ती मंडळ आलं, पुढे ते म्हाडात गेलं. उपकर घ्यायचा आणि दुरुस्ती करायची. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या इमारतीतल्या रहिवाशांसाठी संक्रमण शिबिरं. मालक हलत नसेल तर म्हाडानं पुढे यावं म्हणून कायद्यात नंतर 79-अ आलं. यातलं सगळं सुरळीत चालतं, असं कुणी म्हणणार नाही. संक्रमण शिबिरांत लोकांच्या पिढ्या गेल्या. पण मंडळ आहे, दार आहे, जाब विचारायला खुर्चीत बसलेला माणूस आहे.

पुण्याच्या वाड्यांसाठी काय आहे? नोटीस.

राज्य तेच, विधिमंडळ तेच, भाडे नियंत्रण कायदाही तोच. मग मुंबईतल्या भाडेकरूच्या डोक्यावरच्या छपराची काळजी सरकारनं घ्यायची आणि पुण्यातल्या भाडेकरूनं स्वतःच्या जबाबदारीवर झोपायचं, हे कुणी ठरवलं? पन्नास वर्षांत पुण्यातून कितीतरी आमदार विधानसभेत गेले, मंत्री झाले. आमच्या पेठांसाठी असं मंडळ का नाही, एवढं तरी ठणकावून विचारलं असतं.

मालकालाच खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. जुन्या खोलीचं भाडं अजूनही दोन-तीन आकडी. कायद्यानं वर्षाला 4 टक्के वाढ. त्या पैशांत एक तुळई बदलून होत नाही. मालमत्तापत्रक काढलं की वारसांची नावं पानभर, त्यातले निम्मे परदेशात, दोघं कोर्टात. वाडे भिंतीला भिंत लावून उभे, गल्ली अरुंद, जागा चिमूटभर. 2020 च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि बाजूला मोकळी जागा सोडण्याच्या अटीवर पेठांतले प्रस्ताव अडले. भिंतीला भिंत असलेल्या वाड्यात मोकळी जागा आणायची कुठून? नियम करणाऱ्यानं एकदा खजिना विहिरीपासून पेरू गेटपर्यंत पायी यायला हवं होतं.

शेवटी बिल्डर येतो. चांगला निघाला तर नशीब. काम थांबलं, भाड्याचे चेक बंद झाले तर काकूंनी जायचं कुठे? रेरा कायदा मुख्यतः फ्लॅट विकत घेणाऱ्यासाठी. काकूंनी विकत काहीच घेतलेलं नाही, त्यांनी आहे ते सोडून दिलंय. सोडणाऱ्याच्या मागे कुणी नाही.

सरकारला घरं उभारता येत नाहीत, असं मात्र पुणेकराला सांगू नका. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. हजारो कुटुंबं उघड्यावर आली. त्यांच्यासाठी गोखलेनगरला घरं झाली, सहकारनगरच्या बाजूला सोसायट्यांना जमिनी मिळाल्या, शहराचा नकाशा बदलला. जमिनीच्या मालकीचं घोंगडं पुढे कैक वर्षं भिजत पडलं, हेही खरं. पण डोक्यावर छप्पर आलं. म्हणजे जमीन असते, पैसा असतो, अधिकारीही असतात.

धरण फुटायची वाट बघायची का?

जाब विचारायचा तर तो महापालिकेच्या सभागृहात. आणि तेच सभागृह 2022 च्या मार्चपासून 2026 च्या जानेवारीपर्यंत रिकामं होतं. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, असं राज्यघटनेचं कलम 243-यू सांगतं. सर्वोच्च न्यायालयाला 2025 च्या मे महिन्यात आदेश द्यावा लागला, मुदत वाढवून द्यावी लागली, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. जवळजवळ चार वर्षं आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव ठेवणारे तेच, मंजूर करणारेही तेच. 2025-26 चं अंदाजपत्रक 12 हजार कोटींच्या वर होतं. त्यातल्या एका रुपयाबद्दलही सभागृहात उभं राहून विचारणारा लोकांचा माणूस नव्हता.

याच पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले 1876 ते 1882 सदस्य होते. सरकारनं नेमलेले सदस्य, लोकांनी निवडलेले नव्हेत. 1880 मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी 1000 रुपये खर्चायचा ठराव आला. विरोधात मत एकच पडलं, जोतीरावांचं. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांनी नेमलेला माणूस, इंग्रजांच्या सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताचा खर्च नको म्हणाला.

आता लोकांनी निवडून दिलेले 165 जण सभागृहात आहेत. हात किती वर होतात ते बघू.

जाब विचारण्यासारखं वाड्यांपलीकडेही बरंच आहे. पाण्याचं घ्या. 2017 च्या जूनमध्ये महापालिकेनं 200 कोटींचे रोखे काढले, मुंबई शेअर बाजारात नोंदवले. व्याज 7.59 टक्के, मुदत दहा वर्षं. कशासाठी? पुणेकराला चोवीस तास समान पाणी मिळावं म्हणून. रोख्यांची परतफेड 2027 मध्ये. व्याज ठरल्या तारखेला द्यावंच लागतं, तिथे सबब चालत नाही. आणि पाणी? ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ ही बातमी पुणेकराला तोंडपाठ आहे. कर्ज देणाऱ्याला तारीख मिळते, कर देणाऱ्याला बादली भरून ठेवायला सांगतात.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ टाकून पाणी शहरातल्या हौदांत आणलं होतं. सदाशिव पेठेतही हौद होता. पंप नव्हता, शेअर बाजार नव्हता.

तारखेचं आणखी एक. जुन्या शहराचा विकास आराखडा 2007 ते 2027 या वीस वर्षांचा. मंजूर कधी झाला? 2017 च्या जानेवारीत. निम्मी मुदत मंजुरीतच गेली. शाळा, दवाखाने, बागा यांच्या आरक्षित जागा कागदावर दहा वर्षं वाट बघत बसल्या. या दहा वर्षांसाठी कुणाला साधी कारणे दाखवा नोटीस तरी गेली का?

तुमच्या-माझ्या हातून उशीर झाला तर? मिळकतकर थकला की महिन्याला 2 टक्के शास्ती, वर्षाला 24 टक्के. सावकाराला लाज वाटावी असा दर. अधिकाऱ्याच्या हातून उशीर झाला तर? लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. ठरल्या मुदतीत सेवा दिली नाही तर दंड 500 ते 5000 रुपये. तोही तुम्ही अपिलाची पायरी चढल्यावर. शास्ती मात्र आपोआप लागते, तिला अपील लागत नाही.

मिळकतकरातली 40 टक्क्यांची सवलत आठवते? 1970 पासून होती, 2018 मध्ये सरकारनं रद्द केली, 2023 मध्ये परत दिली. काढताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. परत हवी तर पीटी-3 अर्ज भरा, स्वतःच्याच घरात स्वतः राहतो याचा पुरावा जोडा. चूक कुणाची, रांगेत कोण?

आता पुणेकर म्हणेल, नगरसेवक आले ना, जा त्यांच्याकडे. कुणाकडे? एका प्रभागात चार नगरसेवक. ड्रेनेज तुंबलं की पहिला म्हणतो दुसऱ्याला भेटा, दुसरा म्हणतो तो भाग तिसऱ्याकडे. श्रेयाच्या फ्लेक्सवर मात्र चौघांचे फोटो. नागरिकांनी नगरसेवकाला समोर बसवून विचारावं म्हणून क्षेत्रसभेची तरतूद 2009 मध्येच कायद्यात आली. तुम्ही गेलात का कधी क्षेत्रसभेला? बोलावणं तरी आलं का?

म्हणून या सदरातून पेठांतल्या नगरसेवकांना एकच विनंती. पक्ष कुठलाही असो. जून उजाडायच्या आत मुख्य सभेत एक लेखी प्रश्न टाका. आपल्या प्रभागात अतिधोकादायक म्हणून नोटीस दिलेल्या वाड्यांची यादी द्या. प्रत्येक वाड्यापुढे तीन रकाने भरून द्या: जबाबदार अभियंत्याचं नाव, भाडेकरूंच्या जागेची मोजणी झाल्याची तारीख, आणि वाडा रिकामा केला त्या रात्री ती कुटुंबं कुठल्या पत्त्यावर झोपणार तो पत्ता.

पेठेतल्या आमदारांनाही एक विनंती. मुंबईसारखं दुरुस्ती मंडळ पुण्याला देणार की नाही, हे पावसाळी अधिवेशनात मंत्र्यांकडून हो किंवा नाही अशा एका शब्दात वदवून घ्या. ‘शासन सकारात्मक आहे’ हे उत्तर धरणार नाही.

दोन्ही उत्तरं आली की याच जागी जशीच्या तशी छापू. नाही आली तर ज्यांनी प्रश्न विचारला नाही, त्यांची नावं छापू.