ट्रिम शून्य!

डेट्रॉइटच्या उपनगरांत, नोव्हाय-कँटनच्या बाजूला, हे गृहस्थ हमखास भेटतात. दिवसभर मोटारकंपनीत सीटखालच्या फोमचं काम. संध्याकाळी स्वतःच्या गॅरेजात जुन्या सिल्व्हराडोचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन ‘ट्यून’ करणं. एवढा दांडगा ट्रक वाहतो काय, तर शनिवारी देशी दुकानातून आणलेली तांदळाची एक पिशवी.

गणपतीच्या आरतीला भेटले तरी तब्येत सांगत नाहीत, फ्युएल ट्रिम सांगतात. ‘आज अधिक सहा आहे हो.’ म्हणजे ठरल्यापेक्षा सहा टक्के जादा पेट्रोल इंजिनच्या कॉम्प्युटरला पदरचं घालावं लागतंय. हा आकडा शून्यावर आणणं हे त्यांचं जीवितकार्य.

हवा मोजणाऱ्या सेन्सरमध्ये एक तापवलेली बारीक तार असते. हवा वाढली की ती निवते, तिला तापती ठेवायला वीज जास्त लागते. या ट्रकात ते मोजमाप हर्ट्झमध्ये येतं, आणि अमुक हर्ट्झला सेकंदाला तमुक ग्रॅम हवा, असा तक्ता कॉम्प्युटरात असतो. तो सुधारायला रविवारी वहिनी ट्रक चालवतात. हे लॅपटॉप मांडीवर घेऊन ओरडतात, ‘दाब थोडं... धर, धर तसंच!’ मागचे हॉर्न वाजवतात.

खरा घोळ इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा. मोठे इंजेक्टर यांनी स्वस्तात मिळवले, त्यांचे आकडे मात्र कुणाच्या तरी फाइलमधून उचलले. इंजेक्टरला नुसता पेट्रोलच्या प्रवाहाचा आकडा पुरत नाही. वीज मिळाल्यावर तो उघडायला सुमारे एक मिलिसेकंद घेतो. बॅटरीचा व्होल्टेज उतरला की आणखी उशीर. हे आकडे त्या-त्या इंजेक्टरचेच लागतात. साहजिकच ट्रक पेट्रोल ढोसू लागला, ट्रिम उणे झाली. यांनी काय करावं? इंजेक्टरचे आकडे तसेच ठेवून हवेचा तक्ता खाली ओढला! महिनाअखेर हिशेब जुळेना की फरक ‘किरकोळ खर्चा’त टाकतात, तसा इंजेक्टरचा घोटाळा हवेच्या खात्यात गेला. ट्रिम शून्य. पेढे वाटले.

पण हवा कमी दिसली की कॉम्प्युटरला इंजिनवरचा भारही कमी वाटतो. तो ठिणगी जरा लवकरच टाकतो, गिअरबॉक्समधला तेलाचा दाब उतरवतो. हायवेच्या रॅम्पवर इंजिन खडखडलं, गिअर घसरत पडला.

‘अहो, हा आवाज कसला?’

‘आवाज सोड, ट्रिम बघ!’

खरं तर आधी इंजेक्टर बनवणाऱ्याचे आकडे जसेच्या तसे भरायचे, एअर फिल्टरच्या तेलानं माखलेली सेन्सरची तार साफ करायची, आणि मगच हवेच्या तक्त्याला हात लावायचा. पण हे त्यांना सांगायला जाऊ नका. पुढच्या रविवारी वहिनींना सुट्टी मिळेल आणि ट्रक तुम्हाला चालवावा लागेल.