ईव्हीकर

गाडी घेण्याआधीचा ईव्हीकर साधा माणूस असतो. दिवा लागला की पंप शोधायचा, पंपावर "पाचशेचं टाक" म्हणायचं आणि मीटरवर शून्य बघायचं, एवढंच त्याचं वाहनशास्त्र. गाडी लिटरला किती देते असं कुणी विचारलंच तर "देते पंधरा-सोळा" म्हणून तो विषय बदलायचा. त्याच माणसाला आज विचारून बघा. तो म्हणेल, "काल किलोमीटरला एकशे अठ्ठावीस वॅट-अवर पडलं. पण काल वारा समोरून होता."

पुण्यात वारा वाहतो ही माहिती त्याला वयाच्या पन्नाशीत झाली, ती अशी.

खरेदीच्या आधी वर्षभर एक एक्सेल शीट चालू होती. पेट्रोलवर किलोमीटरला सात रुपये, घरच्या विजेवर दीडच्या आत. पेट्रोलच्या गाडीपेक्षा जे तीन-चार लाख जास्त मोजायचे ते कधी वसूल होणार, याचं उत्तर शीटने चोख दिलं : वर्षाला पंधरा हजार किलोमीटर चालवली तर चार-पाच वर्षांत. त्याचं ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर. दुसऱ्या कुणी गाडीचा नाद सोडला असता. ईव्हीकराने फिरण्याचा नाद लावून घेतला. हल्ली तो जेजुरीला जातो, भुलेश्वरला जातो, नात्यातल्या कुठल्याही बारशाला जातो. भक्ती आणि नातेसंबंध दोन्ही वाढले आहेत, आणि शीट खूश आहे.

डिलिव्हरी अर्थातच दसऱ्याला. शोरूममध्ये एका वेळी सात-आठ कुटुंबं, सात-आठ हार आणि एकच पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली, जी प्रत्येकाच्या हातात फोटोपुरती येते आणि पुढच्याकडे जाते. साटीनचं कापड ओढलं, केक कापला, पेढे वाटले. इथवर सगळं पेट्रोलवाल्यांच्या बरोबरीने चाललं. मग आई म्हणाल्या, "बॉनेट उघड रे, इंजिनाला हळदकुंकू लावते."

"आई, हिला इंजिन नसतं."

"नसतं म्हणजे? मग किंमत कमी केली का त्यांनी?"

बॉनेट उघडलं. आत काळी झाकणं आणि मधून गेलेली एक जाड केशरी वायर. केशरी रंग बघून आईंना हायसं वाटलं, कुंकवाचं बोट पुढे झालं, आणि एवढा वेळ गालात हसणारा सेल्सचा मुलगा ओरडला, "आजी, तिथे नको!" केशरी वायर म्हणजे उच्च दाबाची, तिला हात लावायचा नाही, हे गाडीबद्दलचं पहिलं तांत्रिक ज्ञान घरात आलं ते असं. शेवटी स्वस्तिक काढलं चार्जिंगच्या झाकणावर. विचार केला तर योग्य जागी पडलं ते. पुढे सगळी प्रार्थना तिथेच होणार होती.

चाकाखाली लिंबं ठेवली. ईव्हीकर आत बसला, बटण दाबलं, आणि सगळे वाट बघत उभे राहिले. तोही वाट बघत बसला. मुलगा काचेतून डोकावून म्हणाला, "सर, चालू आहे." लिंबू फुटल्याचा आवाज आला तेव्हा गाडी निघाली हे बाकीच्यांना कळलं.

सारसबागेकडे वळताना त्याने पहिल्यांदा पडद्यावर नीट पाहिलं. नव्या गाडीत पंपापर्यंत पुरेल इतकंच पेट्रोल घालून द्यायची आपल्या विक्रेत्यांची जुनी रीत विजेच्या युगातही टिकून होती : ३८ टक्के. तळ्यातल्या गणपतीपुढे त्याने काय मागितलं हे वहिनींना माहीत नाही. बाहेर येताच "घरी सरळ जाऊ, लक्ष्मी रोड नको," म्हणाला तेवढं त्यांनी ऐकलं.

आता रेंजविषयी. कंपनीच्या कागदावर साडेचारशेच्या पुढचा आकडा आहे. पुण्याच्या ईव्हीकराची पंचाईत अशी की असे आकडे ज्या चाचण्यांतून येतात त्या घेणारी संस्था त्याच्या सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. १९६६ साली स्थापन झालेली, वेताळ टेकडीवरची ही एआरएआय पुणेकरांना इतकी घरची, की टेकडीलाच लोक एआरएआयची टेकडी म्हणतात. चाचणीत गाडी प्रयोगशाळेतल्या रोलरवर जागच्या जागी धावते. जेमतेम वीस मिनिटांचं एकच चक्र पुन्हा पुन्हा, नव्वदच्या वर कधीही नाही. एसी बंद. मागे सासूबाई नाहीत, डिकीत फराळाचे डबे नाहीत, समोर उलट दिशेने येणारी ॲक्टिव्हा नाही. यात कुणी कुणाला फसवत नाही. सगळ्या गाड्यांना एकाच मापाने मोजायचं तर माप असंच ठरवावं लागतं, आणि हल्ली काही कंपन्या 'रस्त्यावर साधारण एवढी मिळेल' असा दुसरा, कमी आकडा स्वतःच छापतात. तरी टेकडीवरून दिसणारं कोथरूड आणि टेकडीवर मोजलेलं कोथरूड यांत दीडशे किलोमीटरचं अंतर आहे, हे ईव्हीकर चालता चालता रोज पाहतो.

म्हणून त्याने आपल्या स्वतःच्या रेंज ठरवल्या. पेट्रोलवाला विचारेल तर ३८०. दुसरा ईव्हीवाला विचारेल तर ३२०, कारण त्याला खोटं पचत नाही. आणि सासुरवाडीला जायचा विषय निघाला तर २१०, तेही एसी बंद ठेवून.

सोसायटीचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झालं नाही. पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायला एनओसी हवी होती. कमिटीत एकाला आग लागण्याची भीती, दुसऱ्याला लिफ्टची वीज गाडी पिऊन टाकेल ही भीती. तिसऱ्याला भीती नव्हती, पण त्याला गेल्या वर्षीच्या पाण्याच्या टाकीचा हिशोब काढायचा होता आणि ही बैठक त्याला बरी वाटली. महावितरणचा वेगळा मीटर बसला, पॉइंटला कुलूप लागलं. तरी वॉचमनने एकदा मोबाइल लावायला प्लग काढलाच. सकाळी ४१ टक्क्यांवरची गाडी बघून ईव्हीकराचा जो चेहरा झाला, तो मी त्याच्या मुलाच्या बारावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

या गाडीचं खरं वापरणं वहिनी करतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. त्या रोज चिंचवडला जातात. एसी बावीसवर, मोड कोणता ते माहीत नाही, गाणी मोठ्याने. रात्री आल्या की प्लग लावतात, सकाळी काढतात, टक्के बघत नाहीत. चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन बॅटरीला फार काही होतही नाही. गर्दीत सारखा ब्रेक लागतो, आणि ब्रेक लागताना मोटरच जनित्र बनून वीज परत भरते. त्यामुळे जो ट्रॅफिक पेट्रोलच्या गाडीला रडवतो तो हिला फारसा जड जात नाही. हिचा शत्रू वेग आहे. ऐंशीचे एकशे दहा केले की हवेचा रेटा दुपटीच्या आसपास जातो आणि टक्के डोळ्यांदेखत गळतात. वहिनींना हे सगळं ईव्हीकराने सांगितलं आहे. त्या "बरं" म्हणाल्या. महिन्याचा त्यांचा आकडा त्याच्यापेक्षा चार-पाच वॅट-अवरनेच जास्त येतो, आणि हे त्याने शीटच्या ज्या पानावर लिहिलं आहे ते पान लपवलेलं आहे.

ईव्हीकराची प्रतिभा फुलते ती लांबच्या प्रवासात. पुणे ते कोल्हापूर, २३० किलोमीटर. शंभर टक्के भरून निघालं तर न थांबता पोचता येतं आणि वर थोडं उरतं, हे त्याच्या शीटनेच सांगितलं होतं. पण शीटवर विश्वास ठेवायचा तो खरेदीपुरता. वहीत साताऱ्याचा चार्जर, तो बंद असल्यास पुढचा, तो अडलेला असल्यास कराडचा, अशी मांडणी झाली. फोनमध्ये सात ॲप, प्रत्येकाच्या पाकिटात शंभर-दीडशे रुपये अडकून पडलेले. एकूण बेरजेत पेट्रोलची पाव टाकी भरली असती. आईंनी मागच्या सीटवरून विचारलं, "आपण अंबाबाईला चाललोय ना रे?"

गाडी डाव्या लेनमधून सत्तरने. उसाचे ट्रॅक्टर सोडले तर सगळे पुढे गेले. पोल्ट्रीचा टेम्पो गेला, त्यातल्या कोंबड्यांनी वळून पाहिलं असं चिरंजीवांचं म्हणणं आहे. खंबाटकीच्या चढाला टक्के भराभर उतरू लागले तशी ईव्हीकराने काही न बोलता एसी बंद केला. आई पेपरने वारा घेऊ लागल्या. घाटमाथा ओलांडून उतार लागला आणि पडद्यावर ६९ चे ७० झाले. "वाढला! वाढला!" तो ओरडला. कोण वाढला म्हणून आईंनी पेपर खाली ठेवला.

साताऱ्याजवळच्या एका हॉटेलामागे चार्जर सापडला. दोन गन, त्यातली एक आजारी. निरोगी गनला एक गाडी लागलेली, मागे एक उभी. या रांगेचे रीतिरिवाज समाजशास्त्रज्ञांनी अभ्यासावेत असे आहेत. मराठी माणूस अनोळख्याला पहिल्यांदा "मूळचे कुठले?" विचारतो. इथे विचारतात, "किती टक्क्यांवर आलात?" आडनाव, गाव, पगार, सगळं नंतर, किंवा कधीच नाही. रांगेतले सांगलीचे एक डॉक्टर अभिमानाने म्हणाले, "नऊ." लोकांनी आदराने जागा करून दिली. मग सगळे ईव्हीकराकडे बघू लागले. त्याच्याकडे ६४ होते. भरल्या पोटी अन्नछत्राच्या रांगेत सापडल्यागत तो पुटपुटला, "आहे थोडी."

भांडण झालं ते लागलेल्या गाडीवरून. तिचे ८० झाले होते. ऐंशीनंतर बॅटरी अगदी सावकाश घेते. दहाचे ऐंशी व्हायला तास लागतो आणि वरच्या वीसला जवळजवळ तेवढाच. म्हणून ऐंशीला गन काढायची हा या जमातीचा अलिखित नियम. त्या गाडीचा मालक मात्र आत मिसळ खात होता आणि त्याला शंभर हवे होते. "पैसे भरलेत मी," तो म्हणाला. डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपला नऊचा पडदा त्याला दाखवला. मिसळ अर्धी टाकून तो उठला. ईव्हीकराने आपला नंबर मागून आलेल्याला देऊन टाकला आणि पुढे निघाला. औदार्याचा हा प्रसंग तो वारंवार सांगतो. त्यातले ६४ टक्के मात्र दर वेळी कमी होतात. परवा ते १८ होते.

कराडच्या जागेवर डिझेलची जीप लावून ड्रायव्हर झोपला होता. त्याला उठवण्यात वेळ गेला, उठल्यावर किल्ली मालकाकडे असल्याचं कळलं. कोल्हापुरात गाडी शिरली तेव्हा २६ टक्के होते. म्हणजे काहीच न करता ते आले असते आणि आलेच होते. ईव्हीकराने महाद्वाराच्या आधी पडद्याचा फोटो काढला.

मुक्काम मावशींकडे. तीन मामा, दोन मावश्या असताना हीच मावशी का, तर ती तळमजल्यावर राहते. विजेच्या गाडीने नात्यांची अशी फेरमांडणी केली आहे. चौथ्या मजल्यावरचा सख्खा भाऊ लांबचा झाला, आणि अंगणात पंधरा अँपियरचा पॉइंट असलेले चुलत साडू जिवाभावाचे. मावशींनी दार उघडलं तसा तो म्हणाला, "मावशी, बोअरच्या पंपाचा प्लग कुठाय? अर्थिंग आहे ना?"

"आधी आत तर ये की! रस्सा उकळतोय, आणि तुझं अर्थिंग कसलं!"

रात्रभर पंप बंद राहिला. सकाळी गाडी ७३ टक्के होती आणि मावशींची टाकी शून्य.

राज्याच्या २०२५ च्या धोरणाने द्रुतगती मार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिल्यापासून त्याला मुंबईची ओढ लागली आहे. मुंबईत काम नसतं. तो खोपोलीपर्यंत उतरतो, चहा पितो आणि वर येतो. परवा संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर सांगत होता, "घाट उतरताना बॅटरी भरते! लोणावळा ते खोपोली तीन टक्के वाढले. जगात पहिल्यांदाच असं होतंय. फुकट वीज."

कट्ट्यावर बी विंगचे काका होते. रेल्वेतून निवृत्त, उमेदीची वर्षं कर्जतच्या घाटात इंजिनावर गेलेली. ते म्हणाले, "आमचंही भरायचं."

"काय भरायचं?"

"वीज. मालगाडी उतरवताना इंजिन तारेत वीज परत सोडायचं. दुसऱ्या लायनीवर वर चढणारी गाडी ती ओढून घ्यायची. दख्खनची राणी १९३० पासून विजेवरच आहे. आणि त्याच्याही आधी, १९१५ पासून, टाटांनी लोणावळ्याचं पाणी त्याच उतारावरून नळाने खोपोलीला सोडलंय. मुंबईच्या गिरण्या चालल्या त्यावर. त्या घाटातून जे काय उतरतं ते वीज देतं बाबा. तू चौथा-पाचवा असशील."

ईव्हीकर जरा वेळ गप्प राहिला. एवढ्या वेळात त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"पण काका, किती टक्के वाढले ते तुम्हाला दिसायचं का?"

काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही बुवा. टक्के नाही दिसायचे."

"मग!" ईव्हीकर म्हणाला.