ब्राझीलला निघालेल्यास जाफराबादी उपदेश

पूर्णा आणि केळणा यांच्या संगमावर वसलेल्या आमच्या जाफराबादेत पावसाचा पडतो तसा सल्ल्याचा दुष्काळ कधीच पडत नाही. आणि माझा भाचा ब्राझील देशी, साओ पाउलो शहरी, नोकरीनिमित्त बिऱ्हाड करण्यास निघाला आहे ही वार्ता बाजारात फुटताच, ज्या सद्गृहस्थांनी औरंगाबादेपलीकडे एक रात्र काढलेली नाही, त्यांनाही त्या खंडातील ऋतुमान, आहार, भाडेकरार आणि सासुरवाडीचे रीतिरिवाज यांची तपशीलवार माहिती असल्याचे उघडकीस आले. आमच्या वास्तुपंडितांनी तर, घर घेशील ते दक्षिणाभिमुख नसावे, अशी सक्त ताकीद दिली. साओ पाउलो मकरवृत्तावर आहे, तेथे सूर्यनारायण वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेच्या अंगाने फिरतात आणि म्हणूनच उत्तरेकडे खिडक्या असलेल्या घरास जादा भाव येतो, असे मी विनयपूर्वक निवेदन केले. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "मग दोष सूर्याचा आहे. शांत करून घ्या."

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र आमच्या लोकांस शिकवण्याजोगे त्या देशापाशी फारसे काही असेल, असे वाटत नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत ज्यांच्या वाडवडिलांनी निजामी अंमलात उर्दू दस्तऐवजांवर, आत काय लिहिले आहे हे पटवाऱ्याच्या मुद्रेवरून ताडून, अंगठे उठवले, त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज अर्जाचे भय ते काय? पोचल्यापासून ९० दिवसांच्या मुदतीत संघीय पोलिसांच्या कचेरीत रुजू होऊन नोंद करावी. ११ अंकी करक्रमांक घ्यावा, कारण तो औषधाच्या दुकानातसुद्धा विचारतात. आणि 'कार्तोरिओ' नामक दफ्तरखान्यात जाऊन, आपली सही ही आपलीच सही आहे, असा शिक्का दाम मोजून मारून घ्यावा. ही शेवटची तजवीज ऐकून आमच्या आळीतील निवृत्त पेशकार इतके सद्गदित झाले, की या वयातही त्या देशी जाऊन राहण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखवली.

नवख्या मुलखात वाटाड्यांवर भरवसा किती ठेवावा, याचा धडा याच केळणेच्या काठी, असईच्या लढाईत, २३ सप्टेंबर १८०३ रोजी एका परदेशी माणसाने घालून दिला. तो आपल्या विरुद्ध पक्षाचा होता, एवढ्यासाठी त्याचे शहाणपण नाकारण्याचे कारण नाही. नदीस उतार नाही असे वाटाडे छातीठोकपणे सांगत असता, जनरल वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे पाहिली आणि इतक्या जवळ नांदणारी माणसे एकमेकांकडे गेल्यावाचून राहणार नाहीत, असा तर्क करून फौज तेथून पार नेली. (सोयरीक, उधारी आणि भांडण यांना उतार लागतोच, हे पदरचे भाष्य.) तेव्हा भाच्यास मी सांगितले, की तिकडे शाकाहाऱ्याची उपासमार होते असे कोणी म्हणाला, तर दुपारी तेथला मजूर काय जेवतो ते आधी पाहा. भात आणि राजम्याच्या जातीची पातळ उसळ हे त्या राष्ट्राचे नित्याचे अन्न आहे. उसळीच्या तळाशी डुकराच्या मांसाचा तुकडा दडलेला असू शकतो, एवढे मात्र विचारून घ्यावे.

परंतु परक्या भूमीत रुजावे कसे, याचे खरे आचार्य आमच्या स्वयंपाकघरातच बसले आहेत, आणि विशेष म्हणजे ते त्याच खंडातून इकडे आलेले आहेत. एकादशीच्या दिवशी आमच्या आक्कांच्या ताटाची एकदा पंचनाम्यासह चौकशी करावी: शेंगदाणा मूळचा बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या बाजूचा, बटाटा टिटिकाका सरोवराकडच्या डोंगरांतला, आज सेलमच्या कारखान्यांतून येणारा साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो ॲमेझॉनच्या दक्षिण सीमेवरचा, रताळे, राजगिरा आणि हिरवी मिरची हीही अमेरिकेच्याच भूमीतली. पोर्तुगीज गलबतांनी समुद्र खुला केल्यानंतर ही मंडळी इकडे उतरली, आणि ज्या गहू-तांदळाची या देशात पुराणकाळापासून वतनदारी, त्यांना एकादशीला उंबऱ्याबाहेर तिष्ठत ठेवून, हे कालपरवाचे उपरे सोवळ्यात जाऊन बसले! याहून मोठी सनद कोणत्या परकीयास कोणत्या दरबाराने दिली असेल, असे मला वाटत नाही. आणि ती त्यांनी मिळवली कशी, तर कोणाशी तंटा न करता. मिरे मलबारहून विकत आणावे लागत. मिरची मुकाट्याने परसात उगवली. आज शेजारच्या भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईस, तिचा मोठा बाजार भरतो. ती बाहेरची आहे, असे तेथे कोणी म्हणून पाहावे! शेंगदाण्याने तर स्वतःचे रूपही सोडले आणि कूट होऊन तो भाजीभाजीत शिरला.

आपल्याकडून तिकडे गेलेल्यांचेही दाखले आहेत. पण सगळेच अनुकरणीय नव्हेत. गीर गाईने ब्राझीलमध्ये दुधाच्या जोरावर नाव काढले. फणस मात्र, पोर्तुगीजांनीच नेलेला, रिओच्या तिजुका अरण्यात इतका माजला, की मूळच्या वृक्षांच्या रक्षणार्थ त्यास आवर घालण्याची पाळी आली. भाच्याने गाईचा कित्ता गिरवावा. विशेषतः, स्वतःचे बस्तान बसण्यापूर्वीच सात मित्रांना बोलावून एका खोलीत जाफराबाद वसवू नये.

आक्का मुलाच्या पेटीत साबुदाणा भरीत होत्या, तेव्हा हे सारे मी त्यांनाही विस्ताराने समजावले. कंद मूळचा तिकडचाच, त्याच्या पिठाचे धिरडे तिकडे न्याहारीला रस्तोरस्ती मिळते, मग विमानात हे ओझे कशासाठी, असा माझा बिनतोड युक्तिवाद होता. आक्कांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, पिशवीचे तोंड सुतळीने आवळले आणि विचारले, "त्या धिरड्यात घालतात काय?"

कधी चीज, कधी खारवलेले गोमांस, असे खरे ते सांगणे मला भाग पडले. आक्कांनी काही न बोलता दुसरी पिशवी भरायला घेतली.