पार्सलची अंडी बसवणारा

पार्सलची अंडी बसवणारा हा नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सर्वत्र आढळणारा, पण जनगणनेत स्वतंत्र रकाना न मिळालेला गृहस्थ आहे. तो शिक्षक असतो, कृषी सेवा केंद्राचा मालक असतो, मोबाइल दुरुस्तीवाला असतो; व्यवसायाने फरक पडत नाही. त्याच्या घरामागे चार-पाच गावरान कोंबड्या असतात. त्यांतली एखादी वर्षातून दोन-तीनदा खुडूक होते, टोपल्यात मांडलेली तेरा अंडी २१ दिवस निमूट उबवते आणि दहा-अकरा पिल्ले घेऊन अंगणात उतरते. यात वीज लागत नाही, थर्मामीटर लागत नाही आणि कोणाचे मार्गदर्शनही लागत नाही. बहुधा म्हणूनच गृहस्थाला त्यात राम वाटत नाही. गावच्या कोंबडीचे अंडे गावातच फुटले, तर त्यात सांगण्यासारखे काय? त्याला अंडे लांबचे लागते.

लांबच्या अंड्यांतही त्याच्या हिशेबात प्रतवारी आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा चांगली, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा त्याहून चांगली, आणि मध्य प्रदेशातल्या झाबुआचा कडकनाथ म्हणजे कळस. कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१९ मध्ये त्याच्या नावावरचा घोटाळा महाराष्ट्रभर गाजला, आणि गृहस्थाच्या मते त्यामुळे पक्ष्याची ख्याती वाढलीच. कडकनाथचा तुरा, कातडी आणि मांस काळे असते; अंडे मात्र फिकट तपकिरी, कोणत्याही गावरान अंड्यासारखे. पहिले पार्सल उघडताना या एका गोष्टीने घरात शांतता पसरते. वनराजा आणि गिरिराजा हे संकर आहेत, त्यांचे गुण पुढच्या पिढीत तसेच्या तसे उतरत नाहीत, हे त्याला कोणी सांगू नये. सांगणाराच मागासलेला ठरतो.

एक दिवसाची पिल्ले का आणत नाही, असे त्याला अनेकजण विचारतात. छत्रपती संभाजीनगरला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, पिल्ले मिळतात, आणि ती प्रवासही सोसतात. अंड्यातून निघण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस दाण्या-पाण्यावाचून काढू शकते. निसर्गाने प्रवासाची सोय पिल्लाला करून ठेवली आहे, अंड्याला नाही. गृहस्थ प्रवासाला पाठवतो ते अंड्यालाच. “पिल्लं काय, कुणीबी आणतंय,” हे त्याचे उत्तर असते.

अंडी एसटीच्या पार्सलने, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून किंवा कुरिअरने येतात. पाठवणारा त्यांना सोयाबीनच्या भुसकटात पुरतो आणि खोक्यावर ‘काचसामान’ लिहितो. त्यामुळे हमाल ते खोके फेकण्याआधी एकदा वाचतात. पहाटे पाचला ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर गृहस्थ हजर असतो. खोके मांडीवर घेऊन तो दुचाकी पायी चालणाऱ्याच्या वेगाने घरी आणतो. मागे बसणाऱ्या कुटुंबीयांना ही दक्षता आयुष्यात कधी लाभलेली नसते.

पण जे व्हायचे ते वाटेतच झालेले असते. अंड्याच्या बोथट टोकाला हवेची एक पोकळी असते. ती आतल्या पडद्यांनी जागच्या जागी धरलेली असते. गतिरोधकांनी आणि हमालांनी पडदा सुटला की पोकळी अंडे फिरवावे तशी फिरू लागते, आणि २०व्या दिवशी पहिला श्वास घेण्यासाठी पिल्लू जिथे चोच खुपसते तिथे हवाच नसते. दुसरा शत्रू ऊन. उबवणीची अंडी १३ ते १८ अंश सेल्सिअसला आठवडाभर चांगली राहतात, कारण थंडाव्यात आतला जीव थांबून असतो. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२च्या पुढे जातो. तेव्हा बंद डिकीत हा जीव आपणहून वाढू लागतो, रात्री थबकतो, सकाळी पुन्हा वाढू लागतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत संपतो. म्हणून पार्सल दिवाळी ते महाशिवरात्र या काळातच मागवावे. शिक्षक असलेला गृहस्थ ते मेमध्ये मागवतो, कारण सुट्टी तेव्हा असते.

आलेल्या अंड्यांना निमुळते टोक खाली करून १२ ते २४ तास विश्रांती द्यायची असते, म्हणजे हललेले आतले सारे जरा स्थिरावते. या एका दिवसात घरात दार आपटायचे नाही, मिक्सर लावायचा नाही, असा हुकूम निघतो. दौऱ्यावरून आलेल्या पाहुण्यांना इतकी विश्रांती या घरात कधी मिळालेली नसते.

मशीन घरचेच असते. थर्माकोलचा मोठा डबा, दोन बल्ब, तापमान राखणारे छोटे डिजिटल यंत्र, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि पाण्याची वाटी. पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान ३७.५ अंश, म्हणजे ९९.५ फॅरेनहाइट ठेवायचे. बाजारातल्या यंत्रावर विश्वास नसल्यामुळे गृहस्थ पडताळणीसाठी घरातला ताप मोजायचा काचेचा थर्मामीटर आत ठेवतो. माणसाच्या तापाच्या थर्मामीटरचा पारा चढतो, पण झटकल्याशिवाय उतरत नाही. चार दिवस तापमान तसूभरही हललेले नाही, असे तो अभिमानाने सांगत असतो, तेव्हा आत काय चाललेले असते ते फक्त अंड्यांना ठाऊक. ओलावा पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के लागतो. मराठवाड्यातल्या हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तो टिकवणे अवघड. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी पाहिलेल्या लातूरकराला वाटीत पाणी किती ओतावे याचा निर्णय सहज घेता येत नाही.

कोंबडी दिवसभर चोचीने अंडी उलटपालट करते, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. मशीनपुढे हे काम गृहस्थाकडे येते. अंड्याच्या एका बाजूला तो पेन्सिलीने फुली काढतो, दुसऱ्या बाजूला गोल, आणि दिवसातून विषम वेळा ती फिरवतो, म्हणजे लागोपाठ दोन रात्री अंडे एकाच कुशीवर राहत नाही. यासाठी तो भावकीतली लग्ने टाळतो, रात्री अडीचला उठतो. स्वतःच्या लेकरांसाठी तो कधी रात्री उठला होता का, हा विषय घरात याच काळात निघतो. “अहो, काय करायलाव अंधारात?” असे बायको एक-दोन दिवसच विचारते. आईचा शेरा अधिक टिकाऊ असतो: “कोंबडीच्या पोटी आला असतास, तर लाइट बिल तरी वाचलं असतं.”

सातव्या दिवशी अंडी उजेडावर बघायची असतात. फलित अंड्यात तोवर लाल शिरांचे जाळे आणि मध्ये हलणारा ठिपका दिसतो. अफलित अंडे नुसते पिवळसर चमकते. सातवा दिवस हा नियम झाला. गृहस्थ तिसऱ्याच दिवशी न्हाणीघरात दार लावून मोबाइलच्या टॉर्चवर अंडी धरतो. शेजारी, शेजाऱ्यांची मुले, दूधवाला असे सगळे त्या अंधारात दाटीवाटीने येऊन जातात. यातला एखादा हमखास सुचवतो की दुकानातली पांढरी अंडीही सोबत ठेवून बघा. ती अंडी कोंबड्याविना पाळलेल्या लेअर कोंबड्यांची असतात, त्यांतून २१ दिवसांनी काहीच निघत नाही, निघतो तो फक्त वास. हे पटवण्यात पाऊण तास जातो आणि मशीनचे झाकण तेवढा वेळ उघडे राहते.

दुसऱ्या आठवड्यात विजेचा डीपी जळतो. हा या प्रक्रियेचा शास्त्रीय टप्पा नसला तरी नियमित टप्पा आहे. कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा दाण्या-पाण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे खुशाल उठून जाते, अंड्यांचे काही बिघडत नाही. तेव्हा अर्ध्या तासाच्या अंधाराने घाबरण्यासारखे काही नसते. गृहस्थ मात्र डब्यावर दोन वाकळी टाकतो, गरम पाण्याच्या बाटल्या आत कोंबतो आणि महावितरणच्या वायरमनला फोन लावत बसतो. गारव्याने गर्भ मंदावतो, उष्णतेने मरतो. ४० अंशांच्या वर गेलेला एक तास अंधाराच्या एका तासापेक्षा घातक. पण वाकळ घालताना माणसाला आपण काहीतरी केल्यासारखे वाटते, नुसते थांबून राहण्यात ते समाधान कुठून मिळणार?

१८व्या दिवशी फिरवणे बंद. २०व्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू येते, मग कवचावर पहिली टोच पडते. तिथून पिल्लू बाहेर यायला १२ ते २४ तास लागू शकतात, कारण पडद्यातले रक्त आणि उरलेला बलक आत ओढून घ्यायचे असतात. या वेळात झाकण उघडायचे नाही, हात लावायचा नाही. ओलावा गेला की पडदा सुकून पिल्लाभोवती आवळतो. हे गृहस्थाला तोंडपाठ असते आणि तो झाकण उघडतो. व्हॉट्सॲप स्टेटसला टोच पडल्याचा फोटो लावायचा असतो.

मग निकाल लागतो. पार्सलच्या अंड्यांपैकी निम्मी फुटली तरी ते यश समजावे. उबवणी केंद्रातली न हललेली अंडी ८० टक्क्यांच्या वर जातात. बसवलेल्या एकूण अंड्यांवर एक टक्केवारी काढतात आणि फलित अंड्यांवर दुसरी. गृहस्थ यात स्वतःची भर घालतो. ३० अंड्यांतली आठ अफलित, म्हणून बाद. तो दोष पाठवणाऱ्याचा. सहांची पोकळी सुटलेली, तो रस्त्याचा. पाच डीपीच्या रात्री गेली, ती महावितरणच्या खात्यावर. उरली ११, पिल्ले ११, निकाल शंभर टक्के. लातूर पॅटर्नच्या मातीत हे गणित कोणालाही खटकत नाही. लांबच्या अंड्याचा खरा गुण हाच: अंडे नापास झाले तरी बसवणारा नापास होत नाही. घरच्या कोंबडीखालची दोन अंडी वाया गेली असती, तर ती सोय नव्हती.

पुढचा भाग लवकर आटोपतो. बल्ब मशीनमधून निघून पिल्लांच्या खोक्यावर टांगला जातो. लासोटाची लस शेकड्यांच्या हिशेबाने येते, ती अकरा पिल्लांना देऊन उरलेली टाकून द्यावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे बर्ड फ्लूने मेले, तसे काही कानावर आले की महिनाभर त्याच्या घरी कोणी जेवायला येत नाही. सगळी पिल्ले तलंगाच आहेत, असे तो दोन महिने सांगतो; नंतर त्यांतली सहा पहाटे चारला आरवू लागतात. आखाडात गावरान कोंबड्याला भाव येतो, शेजारी त्याच आशेने आरवण्यावरचे भांडण लांबवतात. गृहस्थ विकत नाही, कापतही नाही. हे खायचे नसते, हे ब्रीड असते.

राहिलेल्या पाच कोंबड्या दिवाळीच्या सुमारास रोज अंडी घालू लागतात. घरी ती उबवावीत असे त्याला एकदाही वाटत नाही. त्याची जाहिरात मोबाइलवरून कोल्हापूरपर्यंत जाते आणि तिथला एक गृहस्थ लगेच पैसे पाठवतो, कारण कोल्हापूरहून नांदेड पुरेसे लांब आहे.