हंगामाच्या पहिल्या (आणि शेवटच्या) सामन्यास खुले पत्र

प्रति,
मा. पहिला सामना,
आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा (बाद पद्धत).

प्रेषक : एक प्रेक्षक, देवळाली प्रवरा, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर. (उत्तर पाठवताना गावाचे नाव पूर्ण लिहावे. नुसते 'देवळाली' लिहिल्यास टपाल नाशिकच्या कॅम्पात जाते आणि तिथल्या लष्कराला आमच्या फुटबॉलशी काही देणेघेणे नाही.)

विषय : दुसरा सामना मिळणेबाबत.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, अर्जदार हा आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या फुटबॉल संघाचा चाहता आहे. संघाच्या चाहत्यांचे मंडळही आहे. त्याचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ही तिन्ही पदे अर्जदाराकडे बिनविरोध आली, कारण चौथा माणूस तर सोडाच, दुसराही सभेला आला नाही. तेव्हा खालील मजकूर मंडळाचा ठराव समजावा.

आपण यंदाही आलात. सकाळी साडेनऊला शिटी वाजली आणि अकराच्या आत आमचा हंगाम आटोपला. आमच्या संघाने तीन गोल खाल्ले, एक मारला, तोही ऑफसाइड ठरला. पोरे क्रूझरमध्ये दाटीवाटीने बसून जेवायच्या वेळेला घरी पोहोचली. एका आईने विचारले, "मॅच उद्या आहे का?" वर्षभराच्या क्रीडाजीवनावर याहून नेमके भाष्य अर्जदाराला सुचलेले नाही.

आपली तयारी कशी होते हे आपणास कळवणे आवश्यक वाटते. आपली तारीख जाहीर झाली की जिमखान्यात संघ गोळा करायला सुरुवात होते. कबड्डीचा चढाईपटू पळतो चांगला म्हणून तो विंगला. हँडबॉल खेळलेला मुलगा हाताने चेंडू अडवतो म्हणून गोलात. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे सोळाशे मीटर पळणारे दोघे मध्यफळीत, कारण ते दमत नाहीत. चेंडूचे काय करायचे, हे त्यांना मैदानावर सांगायचे ठरते. उरलेले दोन-तीन जण खरोखर फुटबॉल खेळणारे असतात आणि सगळा वेळ बाकीच्यांवर ओरडण्यात घालवतात. अकरा जुळले नाहीत तरी चिंता नसते. खेळाच्या नियमावलीत तिसऱ्या नियमानुसार सात खेळाडू असले तरी सामना सुरू करता येतो. एवढा उदार नियम लिहिणाऱ्याने ग्रामीण कॉलेजच्या हजेरीपटाचा अभ्यास केला असावा, अशी मंडळाची दाट शंका आहे.

मैदानाविषयी. गोलाची चौकट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असावी, चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर असावा, असे नियम सांगतो. खालची माती कोणती असावी, याबद्दल तो मौन पाळतो. आमची माती काळी. आपण येता ते पावसाळ्याच्या उत्तरार्धात. त्या दिवसांत एखादी सर येऊन गेली की बुटाला चिखलाचा असा थर चिकटतो की प्रत्येक खेळाडूची उंची आणि वजन दोन्ही वाढते. पाऊस उघडून महिना गेला की त्याच मातीला भेगा पडतात आणि सरळ मारलेला पास वाटेत विचार बदलतो. शिवाय मधोमध क्रिकेटची खेळपट्टी असते. तिच्यावर पाय ठेवला की सीमेबाहेरून कुणीतरी दमदाटी करतो.

क्रिकेटबद्दल तक्रार नाही. प्रवरेच्या खोऱ्याने देशाला काय दिले, हे मंडळ जाणून आहे. शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खान २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन सर्वाधिक बळींच्या यादीत संयुक्तपणे पहिला आला. संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा अजिंक्य रहाणे भारताचा कसोटी कर्णधार झाला. त्याचीच गोष्ट आपल्यापुढे पुरावा म्हणून ठेवतो. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडच्या पहिल्या कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला, कसोटीतली आपली नीचांकी धावसंख्या. विराट कोहली पत्नीच्या बाळंतपणासाठी मायदेशी परतला आणि मेलबर्नला संघ रहाणेच्या हाती आला. त्याने ११२ धावा काढल्या, सामना जिंकला आणि जानेवारीत ब्रिस्बेनला भारताने मालिका २–१ अशी खिशात घातली. महोदय, ती मालिका आपल्या नियमाने चालली असती, तर ॲडलेडहूनच सगळ्यांना क्रूझरमध्ये बसवले असते.

मुद्दा इथे आहे. अर्जदाराचा राग हरण्यावर नाही. आमचा संघ हरण्याच्याच लायकीचा होता आणि ते मंडळाने संघाला तोंडावर सांगितले आहे. राग आहे तो बाद पद्धतीवर. सोळा संघांची बाद स्पर्धा घ्या. एकूण सामने पंधरा. पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात, म्हणजे निम्म्या पोरांचे वर्ष एका सकाळीत संपते. लॉट्स टाकताना एखाद्याला बाय मिळाला, समोरचा संघ आलाच नाही म्हणून एखाद्याला पुढे चाल मिळाली, तर ते नशीब. आमच्या वाट्याला मात्र दरवर्षी गतवर्षीचा विजेता येतो. लॉट्सच्या चिठ्ठ्यांना आमच्या संघाचे नाव पाठ झाले असावे.

आता तेच सोळा संघ चार गटांत बसवा आणि गटात साखळी खेळवा. गटाचे सामने चोवीस, त्यावर दोन उपांत्य आणि एक अंतिम, एकूण सत्तावीस. म्हणजे पंधराऐवजी सत्तावीस सामने आणि सगळ्यात वाईट संघालाही तीन वेळा उतरायची संधी. पहिल्या सामन्यात चढाईपटूला ऑफसाइड कळेल, दुसऱ्यात तो ऑफसाइड होणार नाही, तिसऱ्यात गोल मारेल. खर्च वाढेल, हे खरे. पण राहुरी, श्रीरामपूर, राहाता आणि संगमनेरची कॉलेजे एका गटात ठेवली, तर सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळच्या एसटीने परत येता येते. मुक्कामाचा प्रश्न नाही, जेवणाचा डबा आयांच्या जिवावर.

साखळीचे महत्त्व या भागाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली इथून जवळच लोणीला उभा केला. तेव्हापासून इथल्या माणसाला हंगामाचे शास्त्र तोंडपाठ आहे. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, पुढे मान्यवर गव्हाणीत मोळी टाकतात, फोटो निघतात आणि मग महिनोन्‌महिने गाळप चालते. पहिल्या दिवशी काही बिघडले, उतारा कमी पडला, म्हणून 'आता पुढच्या वर्षी या' असे सांगून कुणी उसाच्या गाड्या माघारी धाडत नाही. फुटबॉलच्या पोरांना मात्र मोळी टाकताच कुलूप दाखवले जाते.

परदेशी दाखलाही जोडतो. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून पळण्याचा प्रकार, ते असो. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची आसनक्षमता एक लाख सात हजारांहून अधिक आहे आणि तिथला बडा संघ एका मोसमात बाराएक सामने खेळतो. आमच्या पहिल्या सामन्याला मैदानाभोवती होते ते राखीव खेळाडू, पुढच्या सामन्याची वाट पाहणारे दोन संघ, भेळवाला आणि अर्जदार. पण तुलना गर्दीची नाही. त्यांच्या या खेळाचा जन्म ६ नोव्हेंबर १८६९ चा. न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्सटन या दोन कॉलेजांनी प्रत्येकी पंचवीस गडी घेऊन सामना केला. तेव्हा चेंडू उचलून पळायला मनाई होती, त्यामुळे तो सामना आजच्या त्यांच्या खेळापेक्षा आपल्या फुटबॉलच्याच जवळचा. रटगर्सने ६–४ ने बाजी मारली. आणि आठवड्याने, १३ नोव्हेंबरला, तेच दोन संघ पुन्हा भिडले. या वेळी प्रिन्सटनने ८–० असा धुव्वा उडवला. ना विद्यापीठाचे क्रीडा मंडळ, ना जिमखाना फी, तरी त्यांच्या त्या पहिल्यावहिल्या हंगामात हरलेल्या संघाला दुसरा सामना मिळाला होता.

आणखी पुरावे हवेत? २०१० मध्ये स्पेन पहिला सामना स्वित्झर्लंडकडून ०–१ ने हरला आणि विश्वविजेता झाला. २०२२ मध्ये अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १–२ ने हरला आणि मेस्सीने करंडक उचलला. आपल्या घरचे उदाहरण त्याहून बोलके. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव आपल्या संघात होता. दिल्लीत पहिल्या सामन्यात अमेरिकेने आपल्याला ०–३ ने हरवले. दुसऱ्या सामन्यात कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला डोके लावले आणि फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल झाला. तो सामनाही आपण १–२ ने गमावला. तरीही तो गोल जॅक्सनच्या नावावर कायमचा लागला, कारण वेळापत्रकात 'भारत : दुसरा सामना' अशी ओळ होती.

त्याच वर्षी, विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबरला महाराष्ट्र शासनाने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. साडी नेसलेल्या बाईंनी किक मारून उद्घाटन केल्याचे फोटो अर्जदाराने कौतुकाने पाहिले आणि अजूनही पाहतो. कल्पना उत्तम होती. मात्र कार्यक्रम एका दिवसाचा होता, अगदी आपल्यासारखाच. परिचयाच्या एका शाळेत त्यातला एक चेंडू नंतर बराच काळ कपाटात, जडवस्तू नोंदवहीत रीतसर नोंदवलेला, जसाच्या तसा होता. तो फुटू नये, एवढीच काळजी घेतली गेली. अशा रीतीने फुटबॉल वाचला.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी, असे लोक म्हणतात. वेगळी आहेच. तिथे तालमींचे आणि पेठांचे संघ आहेत, शाहू स्टेडियम आहे आणि लोक आजोबांपासून एकाच संघाचे असतात. पण तिथे लीगही आहे. पाटाकडील तालीम एखाद्या रविवारी हरली, तर पुढच्या सामन्याची चर्चा त्याच संध्याकाळी कट्ट्यावर सुरू होते. चर्चेला पुढचा सामना लागतो. आमच्या कट्ट्यावर पोरे आपल्यानंतर पंधरा मिनिटे बोलली आणि मग विषय पोलीस भरतीकडे वळला.

मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला १८९१ मध्ये. त्या काळापासून या राज्याला फुटबॉल माहीत आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून हॅटट्रिक केली आणि भारत चौथा आला. त्या स्पर्धेत भारताची पहिली फेरी कशी पार पडली, ठाऊक आहे? हंगेरीने माघार घेतली आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. भारतीय फुटबॉलच्या सर्वोच्च कामगिरीची सुरुवात न खेळता झाली. म्हणजे पहिला सामना, मग तो आपणच का असेना, एवढा मोठा मान घेण्याच्या योग्यतेचा नाही, असे मंडळाचे नम्र मत आहे.

सबब, मागण्या पुढीलप्रमाणे :

१. बाद फेरी हवी तर उपांत्य फेरीपासून असावी. तिच्या आधी गटवार साखळी असावी.

२. साखळीला निधी नसेल, तर पहिल्या फेरीत हरलेल्या आठ संघांची त्याच मैदानावर, त्याच दिवशी दुपारी दुय्यम फेरी घ्यावी. मैदान, पंच आणि चुना तिथे असतोच.

३. संघनिवड जुलैत व्हावी, म्हणजे हँडबॉलवाल्या गोलरक्षकाला पायही वापरता येतात हे वेळेत समजेल.

४. मुलींच्या संघाला 'संघ पुरेसे नाहीत' या कारणावरून कागदावर विजेता घोषित करू नये. न खेळता मिळालेला करंडक मुली कपाटात ठेवतात आणि त्याच्याकडे बघून हसतात, हे मंडळाने स्वतः पाहिले आहे.

खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. त्या प्रमाणपत्रासाठी पोरे येतात, असा आक्षेप काही प्राध्यापक घेतील. येतात. त्यात गैर काय, हे मंडळाला समजलेले नाही. जो मुलगा प्रमाणपत्रासाठी आला, तो तीन सामने खेळला तर निदान तीन सामने खेळलेला मुलगा होईल.

कळावे,

आपला,
अध्यक्ष, सचिव व खजिनदार

प्रत माहितीस्तव : विद्यापीठाचे क्रीडा मंडळ, जिमखाना विभाग, भेळवाला.

ता. क. : आम्हाला हरवणारा संघ त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या फेरीत ०–५ ने बाद झाला, असे समजले. म्हणजे तोही आता पुढच्या वर्षापर्यंत मोकळा आहे. त्यांच्या कर्णधाराशी फोनवर बोलणे झाले असून येत्या रविवारी सकाळी आठला ते आमच्याकडे येत आहेत. पंचाची सोय होत नाही, तेव्हा शिटी अर्जदारच वाजवणार. पाहुण्या संघाने त्यावर लेखी हरकत नोंदवली आहे आणि ती मंडळाने एकमताने फेटाळली आहे.